जांभळ्याऐवजी निळा: व्हॅट क्र. ३

मंडळी, समुद्री गोगलगायीच्या रसातून निघणाऱ्या जांभळ्या रंगाचं व्हॅट (रंग विरघळवून लोकर बुडवायचा घोळ) यंदा बसवणारच, असं मागे लिहिलं होतं. बसलं. लोकरीची लडी बाहेर काढली तर चक्क निळी! आपली रोजची नीळ दिसते, तश्शी. एवढा उपद्व्याप, एवढा वास, आणि हाती काय, तर नीळ.

माल नेहमीचाच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या मावशी कालवांना भोकं पाडणाऱ्या थाइस जातीच्या गोगलगायी अमावस्येच्या ओहोटीला माझ्यासाठी बाजूला काढतात. "ने गो सगळ्या, माझी कालवं खाऊन संपवल्यानी!" यावेळी ३१ मिळाल्या. फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाला १९०९ मध्ये १२,००० म्युरेक्स गोगलगायींमधून १.४ ग्रॅम रंग मिळाला होता. त्या हिशोबाने माझ्या वाट्याला साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून लडीही ग्रॅमभराचीच.

ग्रंथीचा रस सुती पट्टीवर थेट फासला तेव्हा सगळं सुरळीत होतं. पिवळट, मग हिरवा, मग उन्हात जांभळा. जिवंत प्राण्यात हा रंग नसतोच. असतो तो बिनरंगी कच्चा पदार्थ. ग्रंथी चिरडली की एन्झाइम त्याला गाठतं, हिरवं टायरिव्हर्डिन तयार होतं आणि उजेडात त्याचा जांभळा डायब्रोमोइंडिगो होतो. सडक्या कोबी-लसणाचा तो वास डायमिथाइल डायसल्फाइडचा. मधल्या टप्प्यातली काही रसायनं जिवाणूंना मारतात. याच कुळातल्या एका ऑस्ट्रेलियन गोगलगायीच्या अंड्यांमध्येही ती सापडली आहेत. म्हणजे आपण रंगवतो ते तिच्या पिल्लांच्या संरक्षणाचं औषध.

आता निळ्याचं प्रकरण. आधी संशय लोकरीवर. (ऑनलाइन घेतलेली ती 'शुद्ध मेरिनो' जाळून पाहिली, तर प्लॅस्टिकसारखी गोळी झाली. आता फक्त डेक्कनी, म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर, टोचली तरी चालेल.) डेक्कनीवरही निळाच. मग हायड्रोवर (रंग पाण्यात विरघळवणारी पूड) संशय, पाकीट जुनं होतं. नवं आणलं, सोडा मोजून घातला, तापमान ५० अंशांवर धरलं. पुन्हा निळा. चार दिवस डोकं फिरलेलं.

शेवटी तोच घोळ दोन भांड्यांत वाटला, कारण बरणी लहान पडली. बरणी नेहमीप्रमाणे खिडकीत, उरलेला घोळ झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डब्यातली लडी हवेत धरली आणि डोळ्यांसमोर जांभळी झाली! मी ओरडलेच.

दोष माझ्या काचेच्या बरणीचा. हायड्रोने रंग विरघळलेला असताना ऊन लागलं की रेणूतले ब्रोमिन सुटतात, आणि उरतो साधा इंडिगो, म्हणजे आपली नीळ. १९८० च्या दशकात इस्रायलच्या शेंकर कॉलेजात ओटो एल्स्नर यांनी हेच पकडलं होतं. कधीतरी वाचलेलं, ऐन वेळी आठवलं नाही. कापडावर जे ऊन जांभळा करतं, तेच व्हॅटमध्ये त्याला निळा करतं.

म्हणून पुढचं व्हॅट पूर्ण अंधारात करणार होते. पण लिहिता लिहिता सुचलं: लडीचं एक टोक आधी अंधारात बुडवायचं, मग घोळ थोडा थोडा उन्हात ठेवत पुढचे भाग बुडवत जायचे. एकाच व्हॅटमधून जांभळ्यापासून निळ्यापर्यंतची उतरती छटा! किती मिनिटं, ते पट्ट्यांवर ठरवीन. मावशींना पौर्णिमेच्या ओहोटीचा निरोप दिलाय.

अडचण एकच. वासामुळे घरच्यांनी मला गच्चीवर हाकललंय, आणि तिथे सावलीचा पत्ता नाही. स्टीलचा डबा, वर काळी छत्री. बघू.