सोनेरी रंगाखाली गेलेले आकडे

जुन्या पियानोच्या तारा काढल्या, त्यांचा ताण पेलणारी बिडाची प्लेट बाहेर घेतली, जिथे गंज होता तिथे घासली, प्रायमर मारला आणि वर सोनेरी स्प्रे. दोन दिवस येता-जाता मी त्या प्लेटकडे नुसता बघत होतो, इतकी देखणी झाली होती. तिसऱ्या दिवशी नव्या तारांची भेंडोळी सोडली आणि पोटात गोळा आला. कुठली तार कुठे बसवायची ते सांगणारे आकडेच मी रंगाखाली घातले होते.

हे आकडे शोभेचे नसतात. तारा गुंडाळायच्या खुंट्यांच्या ओळीजवळ काळ्या रंगात १३, १३½, १४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे इथून पुढे या गेजची, म्हणजे या जाडीच्या नंबराची तार. उजव्या टोकाच्या बारीक सुरांना १३ नंबर, म्हणजे ०.७७५ मिलिमीटर. डावीकडे सरकाल तशी तार अर्ध्या-अर्ध्या नंबराने जाड होत जाते आणि दर अर्ध्या नंबराला फरक पडतो ०.०२५ मिलिमीटरचा. डोळ्याला कळणं शक्य नाही. पण अर्धा नंबर जाड तार त्याच सुरावर चढवली की ताण साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. दोनशेच्या वर तारा आणि प्लेटवर आधीच कित्येक टनांचा ताण, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

फोटो काढले होते, पण फ्लॅश लावून. नेमके आकड्यांवर पांढरे डाग.

शेवटी रात्री दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च प्लेटला जवळपास टेकवून आडवा धरला. नव्या रंगाखाली जुन्या ऑइल पेंटचा बारीक उंचवटा सावली टाकत होता. ‘१५’ आधी दिसला, मग त्याच्या डावीकडे ‘१५½’. दिसेल ते ट्रेसिंग पेपरवर उतरवत गेलो. चार ठिकाणी मी जरा जास्तच मन लावून घासलं होतं, तिथे काहीच नव्हतं. नशिबाने जुन्या तारा सुरांप्रमाणे जुड्या बांधून ठेवल्या होत्या. गंजासकट मोजलं तर तार जाड भरते, म्हणून टोकाचा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत करून मायक्रोमीटर लावला. चारही जागा भरल्या.

अनुक्रमांक मात्र लोखंडात ठोकलेला होता. त्याच्या खाचांमध्ये काळा रंग भरायचा आणि वरचा पुसायचा, एवढंच काम. मी पुसायला एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचा जहाल थिनर घेतला. काळ्याबरोबर सोनेरीही फडक्यावर आलं! तो भाग पुन्हा स्प्रे केला, वर पारदर्शक क्लिअर लॅकर मारला, दोन दिवस वाळू दिला. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्याला गुंडाळलेलं फडकं टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलं केलं आणि खाचांना आडवं, एकदाच ओढलं. खाचेत काळं राहिलं, वर सोनं.

बाकीचे आकडे लिहायला माझा हात धजेना. आमच्या चौकात गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणारे एक काका बसायचे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली आणि त्यांचं ते काम आटत गेलं. आता दुकानांच्या पाट्या करतात. त्यांना घरी आणलं. त्यांनी प्लेटभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “दादा, सुरुवातीला एमएच १२ टाकू का?”

खारीच्या केसांचा बारीक ब्रश, दोन टोकं टेकवून धरलेली लाकडी पट्टी, तिच्यावर मनगट. ट्रेसिंगच्या मागे खडू घासून आकड्याची पुसट खूण उमटवायची आणि दोन-तीन फटकाऱ्यांत आकडा. अर्ध्याची तिरकी रेघ मात्र त्यांनी प्रत्येक वेळी श्वास रोखून काढली. ‘१४’ मधला ‘४’ जरा बसका आला, तर पुसून परत करायला निघाले. मीच नको म्हटलं. टॉर्चच्या उजेडात दिसलेला जुना ‘४’ही तसाच बसका होता.

आठवड्याने पहिली तार ओढली. आकडा १३ होता, तरी भेंडोळ्यावरचं लेबल दोनदा वाचलं आणि मायक्रोमीटर लावूनच कापली.