भाजे रद्द, कारण पाऊस

आषाढातला शेवटचा रविवार. गाडीत 34 माणसं, बहुतेक ठाणे-डोंबिवलीकडची. कार्यक्रम ठरलेला: एकवीरेचं दर्शन, कार्ले लेणी, जेवण, भाजे लेणी, परत. हा क्रम ऑफिसने लावला होता आणि मी तो बदलून मागितला नाही, हे आधीच सांगते.

पावसाळी सहलीत निम्मं काम मोजणीचं. पायथ्याला सगळे तेच निळे प्लॅस्टिकचे रेनकोट घेतात, मग पाठमोरा माणूस ओळखू येत नाही. म्हणून मी सकाळीच प्रत्येकाच्या चपला बघून ठेवते.

एकवीरा आई आगरी-कोळ्यांची कुलदेवता, आणि श्रावणाआधीचा रविवार, त्यामुळे रांग खाली पायऱ्यांपर्यंत आली होती. 25 जण रांगेत लागले. उरलेले 9 जण, तीन बौद्ध कुटुंबं, माझ्याबरोबर शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या कोरीव प्रार्थनागृहात आले. त्यांच्यात पांढऱ्या साडीतल्या एक मावशी होत्या, हातात स्टीलचा डबा. डब्यात फुलं. "ही भाज्यासाठी," म्हणाल्या. "मालाडहून मळवलीपर्यंत गाडीने आणि पुढे चालत आलो होतो, हे होते तेव्हा. तिथे शांत असतं."

कार्ल्याचं चैत्यगृह दाखवताना मी घाई करत नाही. 37 खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, वर हत्तींवर बसलेल्या जोड्या. स्तूपामागे सात साधे. खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं कोरून ठेवलंय. मग मी सगळ्यांना मान वर करायला लावते. छताच्या कमानी लाकडाच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडी. मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मागे कुणी तरी आवाज घुमतो का बघायला ओरडत होतं, पाच-सहा पोरं खांबांना टेकून फोटो काढत होती. पुरातत्त्व खात्याचा एक माणूस दारात, आत कुणीच नाही. एवढ्या मोलाच्या जागेला रविवारी एक माणूस पुरत नाही.

बाहेर आल्यावर मावशींच्या मुलाने सिंहस्तंभाकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या बाजूचा कुठे गेला?"

मी खरं ते सांगितलं, की दुसरा स्तंभ आता जिथे एकवीरेचं देऊळ आहे तिथे असावा, असं अभ्यासक मानतात. तो नुसता हं म्हणाला.

रांगेतल्यांचं दर्शन व्हायला 2 तास 10 मिनिटं लागली. जेवण गाडीतच उरकलं. भाज्याच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. सगळ्यांना टपरीच्या छपराखाली उभं करून मी एकटीच वर गेले. तीस-चाळीस पायऱ्यांवर थांबले. पायऱ्यांवरून येणारं पाणी सकाळच्या कार्ल्यासारखं स्वच्छ नव्हतं, दुधाच्या चहासारखं होतं. घोट्याला बारीक खडे लागत होते. स्वच्छ पाणी नुसत्या पावसाचं असतं. ते गढूळ होऊन खडे आणायला लागलं की वरची माती सुटलेली असते. तिथून मी एक पाऊलही पुढे टाकत नाही. 2024 च्या जूनमध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले. तेव्हापासून "अजून जरा बघू" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

खाली येऊन सांगितलं, भाजे रद्द. देवीचं दर्शन झालेल्या एक-दोघांनी "बरं झालं, ट्रॅफिकच्या आधी निघू" असं मोठ्याने म्हटलं. ते ऐकून मला राग आला, आणि तो मी बोलून दाखवायला हवा होता.

मावशींचा मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, पाऊस सकाळपासून आहे. कापला मात्र आमचाच वेळ."

मी पाण्याचा रंग, खडे, सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मावशीच म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे रे, जीव महत्त्वाचा." मग त्यांनी डबा उघडला, पहिल्या पायरीच्या कडेला उंच दगड बघून फुलं ठेवली, डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं. मुलगा त्यांच्यावर छत्री धरून उभा होता. फुलं वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांनी वर एक छोटा दगड ठेवला.

थांबायचा निर्णय बरोबर होता, उद्याही मी तोच घेईन. पण सकाळी आधी भाज्याला गेलो असतो तर पाणी स्वच्छ होतं, गर्दी नव्हती, आणि एकवीरेची रांग दुपारीही असतेच. हे मला पायथ्याशी सुचलं. शनिवारी ऑफिसात सुचायला हवं होतं.

रिपोर्टमध्ये "रद्द, कारण" असा रकाना असतो. तिथे मी पाऊस लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: कार्यक्रमाचा क्रम चुकीचा, भाजे आधी हवं. सोमवारी ऑफिसातून फोन आला, ही ओळ काढता येईल का. मी नाही म्हटलं.