पावनखिंडीच्या वाटेवर घरी शिवलेलं दुपाखी छत

पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर मुक्कामाला शाळा, देऊळ, नाहीतर कुणाची तरी पडवी मिळते. १२-१३ जुलैच्या आसपास मात्र मोहिमांची एवढी झुंबड असते की पाठ टेकायलाही जागा उरत नाही. आम्ही दोघं गर्दी ओसरल्यावर, ऑगस्टात गेलो. हवं तिथं थांबता यावं म्हणून घरच्या मशीनवर शिवलेलं छत पाठीवर होतं. त्याला तळ नाही, भिंती नाहीत. दोन काठ्यांवर ताणलेली नुसती दोन पाखी.

कापडाचं आधी सांगतो. रेनकोटचं कापड मागितलंत तर दुकानदार जाड थान पुढं टाकतो. तुम्ही आतून लेप दिलेलं पातळ पॉलिएस्टर मागा आणि तोंडाला लावून जोरात फुंका. हवा आरपार गेली तर सरळ परत करा. नायलॉन जास्त चिवट हे खरं, पण ते ओलं झालं की सैलावतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणत बसावं लागतं. आपल्या पावसाला पॉलिएस्टरच बरं. ५८ इंच पन्ह्याचं ६ मीटर कापड घेऊन ३-३ मीटरचे दोन तुकडे करायचे आणि मधोमध जोडायचे. शिवणीत जाईल ते सोडून साधारण साडेआठ चौरस मीटर हाती राहतं. ६० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमचं, कापड असेल तर वजन भरतं ५१० ग्रॅम. दोऱ्या आणि पट्ट्या वेगळ्या.

मधल्या जोडाला जीन्सला असते तशी दुमडून डबल शिलाई हवी. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती कुजतो. सुई ११ किंवा १४ नंबरची, नवी. टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फार बारीक घातलात तर भोकांची रांग होऊन कापड तिथंच फाटतं. टाचण्या तर लावूच नका, त्यांचीही भोकं राहतात. कागदाचे चिमटे किंवा वाळत घालायचे चिमटे चालतात. शेवटी शिवणीवर लेप द्यायचा. कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर शिवणीलाही सिलिकॉनच लावा, दुसरं काही त्यावर टिकत नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्या लेपाच्या कापडाला पीयूचंच सीलर.

आता मुद्द्याचं. शिवायला बसलेला माणूस ग्रॅम मोजत बसतो, पण वाटेवरच्या मसाई पठारावर कामाला येतात ते छताला शिवलेले दोरी अडकवायचे बंद आणि दोऱ्या. पठार म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा सपाट कातळ, वर बोटभर माती. खुंटी आत जातच नाही. त्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून असा येतो की पाऊस आडवा लागतो. आमच्या छताला चार कोपरे, आढ्याची दोन टोकं, लांब बाजूंना तीन-तीन आणि प्रत्येक पाख्याच्या पोटाला दोन-दोन असे सोळा बंद आहेत. पोटाचे चार बंद शिवताना मित्र हसला होता. रात्री वाऱ्यानं पाखं आत ढकलायला सुरुवात केली तेव्हा त्याच बंदांनी ते अंगापासून लांब धरलं. प्रत्येक बंदाखाली कापडाचा जादा तुकडा लावून मगच शिवा, नाहीतर पहिल्याच झोतात उसवेल.

दोरी दोन मीटरपेक्षा आखूड नको, कारण दगड तुम्हाला हवा तिथं नसतो. जांभ्याच्या धारेवर दोरी घासून तुटते. म्हणून दोरी लहान दगडाला बांधायची आणि त्याच्या पुढ्यात, छताच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवायचा. छताची पाठ वाऱ्याकडे, वाऱ्याकडची कड जमिनीला टेकलेली, आढं कमरेइतकंच. आढ्याच्या दोरीवरून पाणी ओघळत आत येतं. छताच्या अलीकडे तिला सुतळीचा तुकडा लोंबता बांधला की ते तिथंच ठिबकतं. पाणी वळवायला चर मात्र खणू नका. त्या बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं उगवतात. उचललेले दगड सकाळी जागच्या जागी ठेवा. खालच्या गावात विचारून मगच थांबा, या पट्ट्यात गवेही फिरतात. ढग गडगडत असतील तर पठारावर मुक्काम नकोच, सरळ वाडीत उतरा.

पुढं खोतवाडी, करपेवाडी करत आंबेवाडीकडं गेलो. तिथं झाडं आणि लाल माती, खुंट्या सुखानं बसल्या. त्रास जळवांचा, उघड्या छताखाली त्यांना कुणी अडवत नाही. तंबाखूचं पाणी पायमोज्यांना लावलं, थोडा फरक पडला म्हणायचा. चहा छताबाहेरच करा, हे कापड ठिणगीनं वितळतं.

पावनखिंडीजवळच्या पांढरपाणी गावाला डांबरी रस्ता लागतो. परतीची एसटी कधी आहे ते निघण्याआधीच कोल्हापूरच्या स्टँडवर विचारून ठेवा. घरी आल्यावर छत त्याच दिवशी सावलीत दोरीवर टाका. ओलं गुंडाळून ठेवलंत तर बुरशी धरते आणि पीयूचा लेप कालांतरानं चिकट होऊन सुटतो.