33 मोठं का 27?

"राज्यसभेवर माणूस जातो तरी कसा, सर?" राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कोल्हापुरात या प्रश्नापासून सुटका नाही. लग्नात विचारतात, मयतीला विचारतात. आमदार निवडून देतात, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. त्याला खरं बोलायचं असतं ते जून 2022 बद्दल. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

10 जूनला महाराष्ट्रातल्या सहा जागा होत्या आणि उमेदवार सात. एरवी हे सगळं बिनविरोध उरकतं, त्या वर्षी आकडा जुळला नाही. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक, दोघेही आमच्याच कोल्हापूरचे. आक्षेपांमुळे मोजणी मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली, निकाल पहाटे. सकाळी मिरजकर तिकटीला चहाला गेलो, तर माझा एक जुना विद्यार्थी, कट्टर शिवसैनिक, वाटच बघत होता.

"सर, 33 मोठं का 27?"

आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांना 1, 2, 3 असा पसंतीक्रम देतात. पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं, महाडिकांना 27. मी पेपरच्या समासात आकडे मांडायला घेतले. वैध मतं 284. प्रत्येकाचं मूल्य 100, म्हणजे 28400. त्याला जागा अधिक एक, म्हणजे सातानं भागायचं आणि वरचा पुढचा आकडा घ्यायचा: 4058. हा कोटा, म्हणजे जिंकायला लागणारं मूल्य. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना 48-48 मतं, म्हणजे दोघांकडे 742-742 जास्तीचं मूल्य. ते वाया जात नाही, दुसऱ्या पसंतीकडे सरकतं. ती पसंती महाडिकांची. 2700 मध्ये ते मिळवा. अपूर्णांक सोडताना थोडं गळतं, तरी कोटा पार.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे गणित बरोबर. आन् आमी रात्रभर जागलो, त्ये येडं?" मी म्हणालो, बाबा, तसं नव्हे, पण भाजपनं पसंतीक्रम नीट बसवला. "तुमी पन त्यांचंच." चार लोक बघत होते. पेपर माझ्याकडे सरकवला, अर्धा चहा तसाच ठेवून गेला. त्याच्या बारावीच्या फीचे हप्ते मी ऑफिसात बोलून पाडून घेतले होते, हे तेव्हा का आठवावं कोण जाणे. आता रस्त्यात दिसला तर मान हलवतो, थांबत नाही.

मी कुणाचाच नाही, हे सांगून सांगून थकलो. मोजणीत काळंबेरं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात स्वच्छ काय असेल तर ती मोजणीच.

पण खरं सांगू? वर्गात मी राज्यसभा म्हणजे राज्यांचं सभागृह असं घोटून घ्यायचो. 2003 च्या दुरुस्तीनं उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली, सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. 2016 मध्ये तमिळनाडूचे चिदंबरम महाराष्ट्रातून गेले, 2022 मध्ये उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी. माझ्या नोट्स मात्र तशाच राहिल्या.

त्याच दुरुस्तीनं मतदान खुलं झालं. मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, दुसऱ्या कुणाला नाही. त्याच कारणावरून त्या रात्री शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत बाद झालं. दुरुस्ती झाली तेव्हा मी या खुल्या मतदानाच्या बाजूनं भाषणं ठोकली होती. 1998 मध्ये राज्यसभेला काँग्रेसचे राम प्रधान स्वतःच्याच आमदारांच्या मतांनी पडले, हे माझं हुकमी उदाहरण. आजही वाटतं, आपला आमदार कुणाला मत देतो ते कळायलाच हवं. पण कळतं कुणाला? पक्षाच्या माणसाला, मतदाराला नव्हे. अपक्षानं तर कुणालाच दाखवायचं नसतं, आणि 2022 ची बरीचशी ओढाताण अपक्षांसाठीच होती. हॉटेलं त्यांच्यासाठीही बुक झाली. मग गुप्तच बरं होतं का? तेही मला म्हणवत नाही, कारण दहाच दिवसांनी, 20 जूनला विधान परिषदेचं मतदान गुप्त झालं आणि तिथंही शिवसेना-काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीचाच एक माणूस, काँग्रेसचे हंडोरे, पडला.

हे त्या विद्यार्थ्याला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर म्हणाला असता, सर, मग तुमी शिकवलं काय?