आमची वाटचाल: पत्रा गोल होण्याआधीचा हिशोब

आमची सुरुवात पाण्याच्या टँकरपासून झाली. मराठवाड्यात उन्हाळा लागला की ट्रॅक्टरमागे जोडायच्या पाच हजार लिटरच्या टाक्यांना मागणी येते. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं, त्या उन्हाळ्यात संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या आमच्या भाड्याच्या शेडमधलं पत्रा गोल वळवणारं रोलिंग मशीन रात्रीही चालू असायचं. आतला व्यास १४०० मिमी आणि लांबी ३२५० मिमी घेतली की पाच हजार लिटर पाणी बसतं. अशा टाकीत दोन-चार मिमी इकडेतिकडे झाले तरी पाणी गळत नाही, त्यामुळे टेप, खडू आणि कॅल्क्युलेटरवर काम भागायचं.

पुढे जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या धूर ओढणाऱ्या डक्ट आल्या, साखर कारखान्यांची हंगाम संपल्यानंतरची दुरुस्तीची कामं आली. मग वाळूज आणि शेंद्र्यातल्या कारखान्यांतून प्रोसेस व्हेसलच्या, म्हणजे कारखान्यातल्या प्रक्रियेच्या बंद टाक्यांच्या, ऑर्डर येऊ लागल्या आणि सगळं बदललं. व्हेसलच्या शेलला, म्हणजे गोल वळवलेल्या अंगाला, टोकाचं फुगीर तयार झाकण म्हणजे डिश एंड जोडायचा असतो. दोघांचा घेर जुळला नाही तर वेल्डर कितीही हुशार असो, कडा वर-खाली राहणारच. तेव्हा आम्ही थ्रीडी सॉफ्टवेअर घेतलं. ड्रॉइंग पार्टीकडूनच थ्रीडीत येऊ लागली होती, आणि लेझरने पत्रा कापणाऱ्याला सपाट आकाराच्या ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइलच हवी असते.

गोल टाकीसाठी सपाट पत्रा किती लांब कापायचा, हा मूळ हिशोब कोणत्याही जुन्या फॅब्रिकेटरला पाठ असतो. पत्रा वळताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि जाडीच्या मधली रेषा तेवढीच राहते. म्हणून आयडीत (आतल्या व्यासात) एक जाडी मिळवायची आणि पायने गुणायचं. आयडी १००० आणि जाडी १० असेल तर १०१० चा घेर, म्हणजे ३१७३ मिमी. कोणी आयडीवरच घेर काढला तर ३१४१.६ येतो, ओडीवर (बाहेरच्या व्यासावर) काढला तर ३२०४.४. एका जाडीच्या गोंधळात ३१ मिमी जातात. आणि २२/७ नका वापरू. तीन मीटर व्यासाच्या टाकीत तेवढ्यानेच जवळपास ४ मिमी वाढतात.

सॉफ्टवेअर हेच गणित के-फॅक्टर नावाने करतं: न ताणली जाणारी ती रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा. मधली रेषा अगदी मध्यावर असेल तर के ०.५. पण इन्व्हेंटर या सॉफ्टवेअरमध्ये ०.४४ आधीच भरलेला असतो, सॉलिड एज या दुसऱ्यात ०.३३. हे आकडे प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून कोनात वाकवणाऱ्या मशीनवर) मारलेल्या तीव्र वाकांसाठी ठीक आहेत, कारण तिथे ती रेषा आतल्या बाजूला सरकते. रोलिंगमध्ये त्रिज्या जाडीच्या कितीतरी पट मोठी असते, म्हणून ०.५ च धरायचा. दहा मिमीच्या प्लेटला ०.४४ ठेवला तर फ्लॅट, म्हणजे उलगडलेल्या पत्र्याची लांबी, ३.८ मिमी कमी येतो, ०.३३ ठेवला तर १०.७ मिमी. हा फरक व्यासावर अवलंबून नाही, फक्त जाडीवर आहे. म्हणूनच चार मिमीच्या टँकरमध्ये तो कोणाला जाणवत नाही आणि वीस मिमीच्या शेलमध्ये दुप्पट होऊन समोर उभा राहतो.

आणखी एक गोष्ट नवीन मुलांना आवर्जून दाखवतो. पूर्ण बंद सिलिंडर सॉफ्टवेअरला उलगडता येत नाही, त्याला कुठेतरी उभी फट द्यावी लागते. मॉडेलमध्ये एक मिमीची फट दिली तर फ्लॅटही तेवढाच आखूड येतो. आम्ही ती ०.१ मिमी ठेवतो. वेल्डिंगचा रूट गॅप (जोडाच्या दोन कडांमध्ये ठेवायची फट) आणि वेल्ड थंड होताना होणारं आकुंचन यांचा हिशोब वेगळा करून ड्रॉइंगवर लिहितो.

माझ्या मते खरं कौशल्य या पुढचं आहे. डिश एंड आला की त्यावरचा छापील व्यास बाजूला ठेवून टेपने बाहेरचा घेर मोजायचा. १०२० ओडीचा डिश असेल तर ३२०४ यायला हवा. समजा तो ३२०९ भरला, तर शेल त्याच्याशी जुळवायचा: ३२०९ मधून पाय गुणिले जाडी, म्हणजे ३१.४ वजा करून ३१७७.६. हीच लांबी मॉडेलमध्ये बसवून मग फाइल कटिंगला जाते. जाडीसुद्धा प्लेटवर मोजूनच घेतो, ०.३ मिमीचा फरक असला तरी घेर जवळजवळ एक मिमीने सरकतो. यासाठी डिश आणि प्लेट येईपर्यंत कटिंग थांबवावं लागतं. पार्टी घाई करते, पण आम्ही ठाम राहतो.

प्लेटची लांबीही डोक्यात ठेवावी लागते. आम्ही ६३०० मिमीची प्लेट घेतो. दोन मीटर आयडीची टाकी पाच मिमीत केली तर घेर ६२९८.९, म्हणजे कशीबशी बसते, पण कड साफ करायला काहीच उरत नाही. सहा मिमीत ६३०२ होतो आणि एका टाकीला दोन उभे जोड येतात. आयडी १९९० चालेल का, हे कोटेशन देतानाच विचारलं तर पार्टीचं एक वेल्डिंग वाचतं. कित्येक ऑर्डर आम्हाला या एका प्रश्नामुळे मिळाल्या.

नोझलची (टाकीला पाइप जोडायच्या तोंडांची) भोकं सपाट प्लेटमध्येच कापायची असतील तर फाइल बाहेरून बघितलेली आहे की आतून, हे ठळक लिहावंच लागतं. प्लेट उलटी रोल झाली की उजवीकडचं नोझल डावीकडे जातं. आमच्या प्रत्येक प्लेटवर रोलिंगपूर्वी ऑइल पेंटने ‘बाहेर’ लिहिलं जातं आणि नोझलच्या जागा जिथून मोजायच्या ती शून्य अंशाची रेषा पंचने मारली जाते.

आज स्वतःची शेड आहे. तीन रोलच्या मशीनवर प्लेटची टोकं सपाट राहतात, ती आधी वेगळी वाकवून घ्यावी लागतात. टोकं त्याच मशीनवर वळावीत म्हणून चार रोलच्या मशीनसाठी बँकेत कागदपत्रं दिली आहेत. तोवर वीस मिमी जाडीपर्यंतची कामं घेतो. ड्रॉइंग पाठवताना आकडा आयडीचा की ओडीचा, तेवढं स्पष्ट लिहा.