बारा गोल आणि एक चाकू

सुट्टीचा अख्खा दिवस एका पोस्टरवर घालवला. '१२ अँग्री मेन' (१९५७) या सिनेमासाठी मिनिमल, म्हणजे मोजक्याच आकारांचं पोस्टर करायचं डोक्यात होतं. म्हटलं, सोपं आहे. त्यात खुनाच्या खटल्यातले बारा ज्यूरी निकालावर मत देतात. पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक, म्हणजे अकरा काळे गोल, एक पांढरा. झालं की!

बहिणीने मागून डोकावून विचारलं, "अंड्यांचा ट्रे काढलायस का?"

तिने सिनेमा पाहिलेला नाही. आणि गोची नेमकी तिथेच आहे. अशी निम्मी पोस्टर्स म्हणजे सिनेमा पाहिलेल्यांसाठी घातलेली कोडी असतात. ओळखलं की आपणच आपली पाठ थोपटायची. (मीही थोपटतो, खोटं कशाला बोलू.) ग्राफिक डिझायनर सॉल बासचं 'व्हर्टिगो' या सिनेमाचं पोस्टर, १९५८ चं, घ्या. नारिंगी रंग, पांढरं भोवऱ्यासारखं चक्र आणि त्यात ओढली जाणारी दोन माणसं. कथा ठाऊक नसली तरी गरगरतंच. शिवाय ते खरंखुरं जाहिरातीचं पोस्टर होतं, आपल्यासारखं हौसेचं नव्हे.

मग गोल पुसले. सिनेमातल्यासारखा टेबलात रोवलेला एक चाकू काढला, शेजारी अगदी तस्साच दुसरा. बाकी सगळं रिकामं. पात्याचा कोन जमेना, तासभर तेच. तिरकं केलं की फेकल्यासारखं वाटे, सरळ केलं की केकवरची मेणबत्ती!

बहिणीला पुन्हा दाखवलं. थोडा वेळ बघत राहिली.
"दोन का आहेत?"

आता रात्री दोघं सिनेमा बघतोय.