एकुलती एक स्लाइड

ऑक्टोबर २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील एक तरुण सांगलीतील आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत आला आणि रुमालात गुंडाळलेली एक स्लाइड त्याने माझ्यापुढे ठेवली. "ताई, आईची एवढीच राहिली आहे," असे तो म्हणाला. आईची स्तनाची शस्त्रक्रिया २०१८ मध्ये झाली होती. आता आजार हाडात उतरला होता आणि औषध ठरवण्यासाठी गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (त्या संप्रेरकाला धरणारी प्रथिने) आहेत का, हे डॉक्टरांना हवे होते. ऑगस्टच्या महापुरात ज्या प्रयोगशाळेत तिच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, होता, तिचा तळमजला पाण्याखाली गेला होता. मेणाच्या ब्लॉकला पाणी फारसे बाधत नाही, पण त्यावरची कागदी चिठ्ठी सुटली की तो कोणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. हाडातून पुन्हा तुकडा काढणे त्या माउलीला झेपणारे नव्हते.

म्हणजे याच स्लाइडची कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, काढून, जुना रंग उतरवून तीच पुन्हा रंगवायची होती. रंग एकदा गेला की मूळ निदानाचा पुरावा उरत नाही, म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आधी सगळ्या भागांची छायाचित्रे घेतली. मी डायमंड पेन्सिलने काचेवर नंबर कोरला, मागच्या बाजूने सेक्शनची, म्हणजे गाठीच्या पातळ कापाची, कड आखली आणि स्लाइड झायलीन या द्रावकाने भरलेल्या कॉपलिन जारमध्ये उभी केली.

दुसऱ्या दिवशी कव्हरस्लिप तसूभरही हलली नाही. कव्हरस्लिप चिकटवणारा डीपीएक्स वाळून घट्ट झाला की झायलीन कडेकडेनेच आत शिरते. अशा वेळी ब्लेडचे टोक घालून ती उचकटण्याचा मोह होतो, पण काचेबरोबर जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा सेक्शनही सोलून निघतो. मी रोज फक्त झायलीन बदलले. चौथ्या दिवशी सकाळी स्लाइड किंचित तिरपी करताच कव्हरस्लिप आपोआप घसरली. खाली डीपीएक्सचा चिकट थर होताच, म्हणून आणखी अर्धा दिवस ताज्या झायलीनमध्ये ठेवली.

इओसिनचा गुलाबी रंग अल्कोहोल आणि पाण्यातच उतरला. हिमॅटॉक्सिलिनच्या निळ्यासाठी ७० टक्के अल्कोहोलमधले १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले. खरी धास्ती पुढे होती. ही स्लाइड साधी होती, रिसेप्टरच्या तपासणीसाठी वापरतात तशी चिकट लेप दिलेली नव्हती, आणि त्या तपासणीआधी लागणाऱ्या उकळत्या बफर द्रावणात सेक्शन सुटून तरंगू लागला असता तर सगळेच संपले असते. म्हणून आम्ही ती ६० अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली, आणि आमच्याकडची एक खात्रीची पॉझिटिव्ह स्लाइडही तशीच रंग उतरवून सोबत घेतली, कारण तिच्याशिवाय निगेटिव्ह निकालावर विश्वास कसा ठेवणार?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता मला बोलावले. सेक्शन जागच्या जागी होता, निरोगी नलिकांतील पेशी रंगल्या होत्या आणि गाठीतील बहुतेक पेशींची केंद्रके स्पष्ट तपकिरी दिसत होती, म्हणजे रिसेप्टर होते. संप्रेरकरोधक गोळ्यांचा मार्ग त्या माउलीसाठी मोकळा झाला होता. मुलाला फोन मीच केला.

नवी कव्हरस्लिप लावून ती स्लाइड मी ट्रेमध्ये आडवी वाळत ठेवली. डीपीएक्स ओला असताना उभी केली तर काच सरकते. वाळल्यावर ती वरच्या मजल्यावरील कपाटात गेली. आमचे सगळे ब्लॉकही आता तिथेच असतात, आणि प्रत्येक नव्या स्लाइडवर नंबर कोरल्याशिवाय मी ती रंगवायला घेत नाही.